कारागिराची उधारी कोणी सोसायची?

दिवाळी उलटली की सेलू, मानवत, जिंतूर, परभणी येथील बाजारपेठांत कापसाने भरलेली वाहने रांगेत उभी राहतात. सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या गाठी जिल्ह्याबाहेर निघून जातात. काही महिन्यांनी तोच कापूस सुरतेच्या, इचलकरंजीच्या, भिवंडीच्या कापडाच्या रूपाने परभणीच्या दुकानांत परत येतो. जाणे आणि येणे यांच्या मध्ये जे काही घडते, त्यातला एक पैसाही या जिल्ह्यातल्या हातांना मिळत नाही. एके काळी मात्र पिंजारी, सूत कातणाऱ्या स्त्रिया, साळी, कोष्टी आणि रंगारी ही सगळी साखळी गावागावांत होती. आज त्या साखळीची नावे बहुतेक आडनावांतच उरली आहेत.

जैन परंपरा सांगते की, भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकवली: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात या षट्कर्मांचे वर्णन येते. जिनसेन हे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू, आणि मराठवाडा त्याच राष्ट्रकूटांच्या राज्यातला. या यादीत वाणिज्य आणि शिल्प शेजारी-शेजारी आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. समाजाने सहापैकी वाणिज्य मनापासून उचलले आणि त्यात नाव कमावले. शिल्प मात्र हळूहळू दुसऱ्यांचे झाले, आणि ज्यांचे झाले त्यांच्याजवळ वाणिज्य नव्हते. कारागिरांच्या सामूहिक संस्थांचा प्रश्न मुळात या ताटातुटीचा आहे.

परभणी जिल्ह्यात कारागिरी संपलेली नाही. गोधडीला या भागात वाकळ म्हणतात, आणि जुन्या लुगड्यांच्या थरांवर धावदोऱ्याच्या बारीक ओळी घालून वाकळ शिवणाऱ्या स्त्रिया आजही गावोगावी भेटतात. लमाण तांड्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे भरतकाम टिकून आहे. बुरूड टोपल्या, सुपे विणतात. कुंभारांची चाके फिरत आहेत. शहरातल्या प्रदर्शनांत अशाच वस्तूंना भरपूर किंमत येते. मग करणाऱ्याच्या घरी दारिद्र्य का?

यावर ठरावीक उत्तरे दिली जातात: कारागिराला नवे नमुने माहीत नाहीत, त्याला प्रशिक्षण हवे, त्याला बाजार ठाऊक नाही. यात तथ्य आहे, पण थोडे. बँकेच्या हिशेबाच्या नजरेने पाहिले तर दुखणे दुसरीकडेच सापडते. वस्तू तयार झाल्याचा दिवस आणि तिचे पैसे हातात पडण्याचा दिवस यांच्या मधला काळ कोण सोसणार, हा खरा प्रश्न आहे.

समजा, एका वाकळीस कापड, अस्तर आणि दोरा मिळून 500 रुपयांचे साहित्य लागते आणि ती शिवायला 12 दिवस लागतात. शहरातला दुकानदार तिला 1500 रुपये द्यायला तयार आहे, मात्र पैसे तीन महिन्यांनी. या तीन महिन्यांत ती बाई सात वाकळी शिवेल. साहित्याचे 3500 रुपये तिला घरातून घालावे लागतील, 84 दिवसांच्या मजुरीचा एक रुपयाही हाती येणार नाही, आणि कागदावर तिचे 10,500 रुपये येणे असतील. ज्या घरात दर आठवड्याच्या बाजाराला पैसे लागतात, तिथे हे येणे कुणाच्या पोटात पडत नाही. म्हणून गावात फिरणारा खरेदीदार 900 रुपये रोख देतो म्हणाला की, ती वाकळ देऊन टाकते. तो खरेदीदार लबाड असतोच असे नाही. 600 रुपयांच्या फरकात तो मुख्यतः थांबण्याची किंमत वसूल करत असतो. माल पडून राहिला तर नुकसान त्याचे, उधारी बुडाली तर तीही त्याची.

आता अशा 50 स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांच्या संस्थेने माल ताब्यात घेताच 1100 रुपये रोख देण्याचे ठरवले, असे धरू. तीन महिन्यांत 350 वाकळी जमतील आणि संस्थेला 3 लाख 85 हजार रुपयांचे खेळते भांडवल लागेल. ती सगळी रक्कम पूर्ण तीन महिने अडकून राहिली आणि तिच्यावर 12 टक्के व्याज भरावे लागले, तरी व्याज होते 11,550 रुपये. एका वाकळीमागे 33 रुपये. ज्या थांबण्यासाठी एकटी बाई 600 रुपये मोजते, तेच थांबणे संस्थेला 33 रुपयांत पडते. उरलेल्या 367 रुपयांत वाहतूक, जागेचे भाडे, हिशेबनिसाचा पगार आणि न विकल्या गेलेल्या मालाची तूट भागवायची. हे सोपे नाही, पण अशक्यही नाही. सामूहिक संस्थेचे सगळे मर्म या आकड्यांत आहे. बाकीचे बरेचसे उद्घाटनाच्या भाषणांचे असते.

हा हिशेब केवळ कागदी नाही, याचा दाखला शेजारीच आहे. पूर्णा जंक्शन ओलांडून पुढे गेले की नांदेड लागते. तिथली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही देशात राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रदेशात जे खादीकार्य रुजवले, त्याच परंपरेतली ही संस्था. ध्वजासाठी लागणारे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीर येथे हातमागावर विणले जाते आणि ध्वज नांदेडला शिवले जातात. कापडाचा पोत, धाग्यांची संख्या, रंगाचा पक्केपणा, अशोकचक्राची अचूक जागा या सर्वांना भारतीय मानक ब्युरोच्या कसोट्या लागू असतात. एका गावातला एकटा विणकर या कसोट्या कधीच पुऱ्या करू शकला नसता. चाचणी, शिक्का, साठा आणि देशभरातल्या मागणीचा पत्रव्यवहार या चार गोष्टी संस्थेने अंगावर घेतल्या, तेव्हाच उदगीरच्या मागावरचे कापड देशाच्या ध्वजस्तंभांवर पोहोचले.

खादी संस्थांची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. कातणारणीला गुंडीमागे आणि विणकराला मीटरमागे ठरलेली मजुरी मिळते. तयार ध्वज 15 ऑगस्टला विकला जावो की 26 जानेवारीला, विणकराला तोवर ताटकळत राहावे लागू नये अशी ही योजना आहे. संस्थेला भांडवल लागते ते बँकेकडून. खादी आयोगाच्या व्याज सवलत पात्रता प्रमाणपत्र योजनेत संस्थेने 4 टक्के व्याज भरायचे आणि त्यावरचा फरक शासनाने आयोगामार्फत सोसायचा, अशी सोय आहे. थांबण्याची किंमत कारागिराच्या डोक्यावरून उचलून संस्थेवर आणि काही अंशी शासनावर ठेवणारी ही व्यवस्था आहे. अनेक खादी संस्था कारभाराच्या ढिलाईने खिळखिळ्या झाल्या, ही गोष्ट खरी. पण त्यामुळे मूळ रचनेचे शहाणपण कमी होत नाही.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर तयार केलेल्या तसेच पॉलिस्टरच्या ध्वजांना मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा फडकवण्याची मोहीम झाली आणि बाजारात स्वस्त ध्वजांचा पूर आला. ध्वज घराघरांत पोहोचला हे चांगलेच झाले. मात्र हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाची राखीव जागा एका अधिसूचनेने संपली. ज्या संस्थेची मिळकत एका वस्तूवर आणि वर्षातल्या दोन-तीन तारखांवर विसंबून असते, तिच्या पायाखालची जमीन अशी एका दिवसात सरकू शकते. परभणीत उद्या कोणी वाकळींची संस्था उभारली, तर तिने केवळ हिवाळ्यातल्या प्रदर्शनांवर भरवसा ठेवू नये, हा बोध नांदेडहून घ्यावा लागेल.

मुंबईच्या लिज्जत पापडाची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज श्री महिला गृह उद्योगात सुमारे 45 हजार भगिनी काम करतात. ही कथा सहसा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. तिच्यातल्या दोन रुक्ष तपशिलांकडे मात्र दुर्लक्ष होते. लाटलेले पापड जमा केले की त्या भगिनीला लाटणावळ मिळते. पापड केव्हा विकला जाईल याच्याशी तिचा संबंध राहत नाही. आणि पीठ सर्वांसाठी एकाच ठिकाणी मळले जाते. प्रारंभी या स्त्रियांच्या मनात दोन प्रतींचे पापड काढावेत, एक स्वस्त आणि एक चांगला, असे होते. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आग्रह धरला. तो सल्ला व्यापाऱ्याचा होता, आणि तो किती दूरदृष्टीचा होता हे पुढे दिसले. कारागिरांच्या बहुतेक संघटना विक्रीअभावी मोडतात असे वाटते. प्रत्यक्षात पहिला माल चांगला, दुसरा बरा आणि तिसरा कसाबसा, या उतरंडीने त्या मोडतात. दहा जणींच्या मालात एकीचा दोरा कच्चा निघाला तरी ग्राहक दहाही जणींना सोडून जातो. कच्चा माल नाकारण्याचे धैर्य ज्या संस्थेत नाही, तिने नाव नोंदवण्याचे कष्ट घेऊ नयेत.

संस्थेचे कायदेशीर रूप कोणते असावे, यावर बैठकांत फार वेळ जातो. सहकारी संस्थेचा मार्ग महाराष्ट्राला परिचित आहे आणि त्याचे गुणदोषही परिचित आहेत. 2002 च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने उत्पादक कंपनीची सोय झाली. किमान दहा उत्पादक ती स्थापू शकतात, भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते आणि उत्पादकांत हातमाग, हस्तकला व कुटीरोद्योग करणारेही येतात. हे अनेकांना ठाऊक नसते. उत्पादक कंपनी म्हणजे शेतकऱ्यांचीच, अशी समजूत आहे. राजस्थानात सुरू झालेल्या रंगसूत्र या कंपनीत हजारभर कारागिरांनी प्रत्येकी 1000 रुपये घालून 10 लाखांचे भांडवल उभे केले. मोठ्या दुकान-साखळ्यांशी व्यवहार करताना ते मालक म्हणून बसतात, मजूर म्हणून नव्हे. रूप कोणतेही निवडा. सभासदाचे स्वतःचे काही पैसे त्यात गुंतलेले असावेत. अनुदानाने सुरू झालेली संस्था अनुदानासोबत संपलेली बँकेच्या दप्तरांत पुष्कळदा दिसते.

आणि पाया घालण्याचे काम पूर्ण नव्याने करावे लागत नाही. 1992 मध्ये नाबार्डने 500 गटांचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला आणि बचत गट बँकांशी जोडले गेले. आज 'उमेद' अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांच्यामुळे गटांचे जाळे गावोगावी पसरले आहे, आणि गटांच्या वर त्यांचे संघही आहेत. स्त्रियांना नियमित बचत, वेळेवर परतफेड आणि वहीत नोंद या सवयी लागल्या, ही थोडी कमाई नव्हे. उणीव पुढच्या पायरीवर आहे. गट कर्ज वाटतो, माल विकत घेत नाही. 2023 च्या 17 सप्टेंबरला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही 18 व्यवसायांच्या कारागिरांना 5 टक्के दराने आधी 1 लाख आणि मग 2 लाखांपर्यंत कर्ज मिळते, अवजारांसाठी 15 हजार रुपये मिळतात. बुरूड, कुंभार, शिंपी त्या यादीत आहेत. हातमाग विणकर नाही. योजना चांगली आहे, पण तीही माल करण्यासाठी पैसा देते. माल केल्यानंतर थांबण्यासाठी तिथेही काही तरतूद नाही, आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

परभणीपुरती एक गोष्ट विशेष आहे आणि तिचा विचार झाला पाहिजे. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मेहबूब बाग येथील कापूस संशोधन केंद्राने देशी कापसावर दीर्घकाळ काम केले आहे. निजामकाळात मराठवाड्याची ओळख असलेला गावरानी कापूस संकरित आणि पुढे 2002 नंतर बीटी वाणांपुढे मागे पडला, तरी विद्यापीठाने देशी वाण सोडले नाहीत. 'परभणी तुराब' हे नाव धारण करणारा पीए 255 हा वाण त्यांपैकीच. देशी कापूस कमी पावसात तग धरतो, रसशोषक किडींना कमी बळी पडतो आणि त्यावर फवारणीही कमी लागते. जीवदयेचा विचार करणाऱ्या समाजाला फवारणीचा हा मुद्दा निराळा सांगायला नको. पैठणी सुंदर असली तरी रेशमाबद्दल अनेक श्रावकांच्या मनात संकोच असतो. देशी कापसाच्या हातमागी कापडाबद्दल तो असण्याचे कारण नाही.

कच्छमध्ये भूकंपानंतर 2005 साली स्थापन झालेल्या खमीर या संस्थेने तिथल्या कोरडवाहू काला कापसाचे असेच केले. शेतकऱ्यांकडून कापूस घेण्यापासून कातणे, विणणे, रंगवणे आणि विकणे इथपर्यंतची साखळी तिने जोडली, आणि गिरण्यांनी टाकाऊ ठरवलेल्या आखूड धाग्याला स्वतःचे नाव मिळवून दिले. परभणीजवळ कापूस आहे, संशोधन आहे, शेजारी नांदेड-उदगीरला विणकरांची परंपरा आहे. मधला दुवा जोडणारा व्यापारी तेवढा नाही.

आणि व्यापारी म्हटले की हा विषय या मासिकाच्या वाचकांच्या दुकानापर्यंत येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार लहान उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याच्या कलम 43 ब मध्ये नवे उपकलमही आले. ही मुदत पाळली नाही तर सूक्ष्म व लघु उत्पादकांना देय असलेला खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीस मिळतो. ही तरतूद आली तेव्हा कापड बाजारात बरीच कुरकुर झाली, आणि नोंदणी असलेल्या लहान उत्पादकांकडून माल घेण्याचेच टाळू लागलेले व्यापारीही निघाले. बाजाराची अडचण समजण्यासारखी आहे. किरकोळ ग्राहकाकडची उधारी वसूल होत नाही तोवर घाऊक व्यापारी कुठून देणार? तरीही साखळीत सर्वांत शेवटी कोण उभा आहे हे पाहिले तर तिथे वाकळ शिवणारी बाई दिसते, आणि सर्वांची उधारी तीच सोसत असते.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाने नकली माल विकणे, यांचा समावेश आहे. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकणे हा त्याचा आजचा अवतार. खादी मार्क आणि हँडलूम मार्क या खुणा त्याचसाठी आहेत, आणि खरेदी करताना त्या पाहून घेणे ग्राहकालाही जमते.

समाजाने काय करावे, हा प्रश्न निघाला की देणगीचा विचार प्रथम येतो. इथे देणगीचा उपयोग मर्यादित आहे. धर्मादाय न्यासाच्या निधीची गुंतवणूक कुठे करता येते यावर कायद्याची बंधने आहेत, त्यामुळे मंदिराचा निधी कारागिरांच्या संस्थेला उसना देणे विश्वस्तांना बहुधा शक्य होणार नाही. शक्य आहे ती आगाऊ रकमेसह मागणी. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांच्या प्रेरणेने निघालेल्या हातकरघा केंद्रांत तरुण अहिंसक वस्त्र विणतात, सागरच्या मध्यवर्ती कारागृहातले बंदीही विणतात. त्या कापडाला पहिला ग्राहक समाजातूनच मिळाला. परभणीत ही वाट अधिकच जवळची आहे. पंचकल्याणकात, चातुर्मासात, तपाच्या पारण्याला प्रभावना म्हणून स्टीलचा डबा किंवा ताट वाटण्याची रीत आहे. त्या जागी हातमागाचा पंचा, पूजेच्या वस्त्रांची पिशवी, तांड्यावर भरलेला पोथीचा रुमाल वाटता येईल. नेमगिरीला दर्शनासाठी येणारे यात्रेकरू परतताना काहीतरी घेऊन जातातच. तिथे एका छोट्या दालनाची जागा मिळाली तर हिवाळ्यापलीकडचा ग्राहक लाभेल. लग्नातल्या आहेराची गोष्टही तीच.

मात्र अशी मागणी नोंदवताना निम्मी रक्कम आधी द्यावी लागेल, उरलेली माल मिळताच. सर्व मालाचा नमुना एकच असावा आणि नमुन्याप्रमाणे नसलेला नग परत करण्याचा हक्क राखावा. त्यात कारागिराचा अपमान नाही, लिज्जतच्या भगिनींनाही तो नियम लागू आहे. आणि वेळेचा हिशेब ठेवावा. पर्युषण आणि दशलक्षण भाद्रपदाच्या सुमारास येतात. 300 भरलेले रुमाल हवे असतील तर त्यांची मागणी वैशाखात नोंदवावी लागते, कारण आषाढात तांड्यावरच्या बायका पेरणी-खुरपणीला गेलेल्या असतात.